मोटरवाली ऑनिंग अन् आपल्याकडचं वावधन

"मोटर आहे, रिमोट आहे, हवेचा सेन्सर पण आहे, मग ऑनिंग फाटली कशी?" हा प्रश्न आता आपल्या विदर्भातही ऐकू यायला लागला. ताडोब्याच्या मोहर्ली-कोलारा साईडला, चिखलदऱ्याला, पेंचकडे कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन फिरणारे लोक दिसतात, काही जणांनी जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची बॉडी बदलून त्याला बाजूला बटन दाबलं की बाहेर येणारं कापडी छत, म्हणजे ऑनिंग, लावून घेतलंय, अन् तालुक्याच्या गावात हॉटेलसमोर, मोबाईलच्या दुकानासमोर पण तेच दिसतं. उन्हाळ्यात त्याचा उपयोग खरंच मोठा आहे, त्यात वाद नाही. पण एप्रिल-मे मधे दुपारनंतर वावधन, म्हणजे पावसाआधीचं धुळीचं वादळ, सुटलं की यातल्याच काही ऑनिंग गाडीच्या टपावर उलट्या पडलेल्या सापडतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या राजेहो. मोटर अन् सेन्सर ही ऑनिंग मिटवायची सोय आहे, हवेला अडवून धरायची नाही. उघडी ऑनिंग म्हणजे पातळ कापड, एक पोकळ नळी, दोन अल्युमिनियमचे हात अन् भिंतीत गेलेले मोजके स्क्रू, बस. त्यातलं मोटरमुळे काहीच जास्त मजबूत होत नाही.

हवेचं गणित साधं आहे पण फसवं आहे. वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 875 च्या भाग 3 मधे, सूत्र असं दिलंय की हवेचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा अन् 0.6 ने गुणा, म्हणजे एका चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमधे मिळतो. आता 4 मीटर लांब अन् अडीच मीटर बाहेर येणारी ऑनिंग धरा, म्हणजे 10 चौरस मीटर कापड झालं. ताशी 20 किलोमीटरची हवा असली तर त्या पूर्ण कापडावर साधारण 19 किलोचा जोर येतो, ऑनिंग थोडी हलते, कोणी लक्षही देत नाही. 40 ला तोच जोर 75 किलोच्या आसपास जातो. 60 ला 170 किलो. 80 ला 300 किलोच्या वर. म्हणजे 20 च्या हवेत मस्त उभी राहिलेली ऑनिंग पाहून "60 मधे काय होते जास्तीत जास्त" असं जो म्हणतो त्याचा हिशेब नऊ पटीने चुकतो.

अन् हा आकडा पण कमीच धरलाय, कारण गाडीला चिकटलेल्या छताखाली हवा शिरली की समोर गाडीची भिंत असते, तिला जायला जागा नसते, ती कापडाला खालून वर ढकलते, अन् त्याच वेळी वरून वाहणारी हवा कापडाला वर ओढत असते. दोन्ही जोर एकाच दिशेने. आपल्याकडे टिनाच्या शेडचे टिनं उडतात ते पण यामुळेच, त्यातही तीन बाजूंनी बंद अन् एका बाजूने उघडा असलेला गोठा पहिले जातो. बारीक टिनाचं स्वतःचं वजन चौरस मीटरला चार-साडेचार किलो भरते, अन् 40 च्या हवेचा उचलायचा जोर तेवढ्याच जागेवर साडेसात किलो, म्हणून कास्तकार टिनावर दगडं ठेवतो ते बरोबरच आहे. ऑनिंगचं कापड तर त्याहून कितीतरी हलकं, त्यावर दगड ठेवायची पण सोय नाही.

आता खरी मार कुठे बसते ते पहा. ज्या ऑनिंगला खाली जमिनीवर टेकणारे पाय नसतात तिचा सगळा जोर भिंतीवरच्या ब्रॅकेटवर येतो, अन् तो सरळ येत नाही, पहारीसारखा उचकटत येतो. 75 किलोचा जोर अडीच मीटरच्या मधोमध, म्हणजे भिंतीपासून सव्वा मीटरवर आहे असं धरा, ब्रॅकेटची उंची 15 सेंटीमीटर धरा, तर स्क्रूवर ओढायचा ताण निघतो 625 किलो. ताशी 40 च्या हवेत! सिमेंटच्या भिंतीत चांगले अँकर असले तर हे निभते, पण कॅरॅव्हॅनची भिंत म्हणजे बहुतेक वेळा बाहेरून पातळ पत्रा किंवा फायबर, मधे फोम, आतून प्लाय. स्क्रू आतल्या चौकोनी पाईपच्या फ्रेमला पकडला असेल तरच त्याला अर्थ आहे. नुसत्या पत्र्यात घातलेला स्क्रू पहिल्या जोराला उपसून येत नाही, तो हळूहळू भोक मोठं करतो.

आमच्याकडे रोडवर एका फॅब्रिकेशनवाल्याच्या दुकानात अशी फाटलेली ऑनिंग आली होती, ती मी हातात घेऊन पाहिली. कापड फाटलेलंच नव्हतं. दोन पट्टे जिथे जोडतात ती शिलाई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवली होती, अन् उरलेला धागा चिमटीत धरून चोळला तर त्याचा भुगा झाला. ब्रॅकेट काढून पाहिलं तर भोक गोल राहिलंच नव्हतं, खालच्या बाजूला लांबट झालं होतं, कडेला काळी रेघ, म्हणजे स्क्रू किती तरी दिवसापासून आतल्या आत हलत होता. मालक सांगत होता की एका झटक्यात गेली. झटका शेवटचा होता एवढंच, कमजोर तर ती आधीपासून होत चालली होती.

हे काम फडफडीमुळे होते. हवा एकसारखी वाहत नाही, ती झोताझोताने येते. झोत आला की पुढची दांडी वर उचलली जाते, हातातल्या स्प्रिंगचा ताण सुटतो, झोत गेला की दांडी धाडकन खाली येते अन् सगळे जोड दणका खातात. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तोच प्रकार, धातूला थकवा येतो, रिव्हेट ढिले पडतात, कोपराच्या जोडातली केबल तुटते. अमेरिकन पद्धतीच्या ज्या ऑनिंग असतात, ज्यांचे हात गाडीच्या भिंतीलाच खाली टेकलेले असतात अन् आत गॅसचे स्ट्रट, म्हणजे गॅसच्या दाबाने लांब होणारे दांडे, असतात, त्यात तर मोठा झोत आला की स्ट्रट लांब होतात अन् पूर्ण रोलर, म्हणजे गुंडाळायची नळी, कापडासकट टपावर पालथा होतो.

पण मग तिकडे युरोप-अमेरिकेत चालतात त्या इथे का मार खातात? याचं उत्तर आपल्या उन्हाळ्यातल्या ढगांमधे आहे.

एप्रिल-मे मधे विदर्भातली जमिनीजवळची हवा प्रचंड तापलेली अन् कोरडी असते, नागपुरात 23 मे 2013 ला 47.9 अंश नोंदले गेले होते हे कित्येकांना आठवत असेल. अशा हवेवर ढग चढला अन् त्यातून पाऊस पडायला लागला की बरेच थेंब जमिनीवर पोचायच्या आधीच वाळून जातात. पाणी वाळताना उष्णता ओढून घेते, जे वाळ्याच्या कुलरमधे होते तेच तिथे आभाळात होते, फक्त कित्येक चौरस किलोमीटरवर. ती हवा गार झाली की जड होते अन् खाली कोसळते, जमिनीला आदळून चहूकडे पसरते. विमान अपघातांचा अभ्यास करताना टेड फुजिता या शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात या कोसळणाऱ्या हवेला डाऊनबर्स्ट असं नाव दिलं. आपण ज्याला वावधन म्हणतो, पाऊस यायच्या आधी जी धुळीची भिंत वावरावरून येताना दिसते, ते त्या पसरणाऱ्या गार हवेचं पुढचं टोक.

यात घातक काय, तर ती आधी सांगून येत नाही. पाच मिनिटाआधी पान हलत नसते, उकाड्याने जीव जातो, अन् मग एकदम 50-60 ची हवा. हवामान खात्याच्या व्याख्येत स्क्वॉल म्हणजे हवेचा वेग अचानक निदान 29 किलोमीटरने वाढून 40 च्या वर जाणं अन् मिनिटभर तरी तिथे टिकणं. आता युरोपातलं मानक पहा, घरादुकानांच्या ऑनिंगसाठी ईएन 13561 आहे, त्यात हवेचे वर्ग पाडलेत, अन् 3 नंबरचा चांगला वर्ग म्हणजे हवेचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मोजपट्टीवर 6, ताशी 39 ते 49 किलोमीटर. तो पण सिमेंटच्या पक्क्या भिंतीला लावलेल्या ऑनिंगसाठी. अन् आपल्याकडे अवकाळीच्या दिवसात नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या इशाऱ्यात ताशी 40 ते 50, कधी 50 ते 60 असे आकडे नेहमीचे आहेत. बिल्डिंगचं डिझाईन करताना नागपूरसाठी जो मूळ वेग धरतात तो तर सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी 158 च्या आसपास. त्या हिशेबाने कोणतीच कापडी ऑनिंग बनत नाही, बनू पण शकत नाही.

म्हणून सेन्सरवर किती भरवसा ठेवायचा हे समजून घ्या. सेन्सर दोन प्रकारचे मिळतात. एकात छोट्या वाट्या फिरतात, त्या हवेचा वेग मोजतात. दुसरा पुढच्या दांडीला चिकटवलेला असतो, तो दांडी किती हलते ते पाहतो, कॅरॅव्हॅनवर हाच जास्त असतो कारण तो लावायला सोपा. पण तो हलल्यावरच जागा होणार ना! दणके बसायला लागले, त्याने मोटरला सिग्नल दिला, अन् मोटर काही पळत नाही, ती 12 व्होल्टची छोटी मोटर नळीच्या आत बसलेली असते, गिअर लावून तिचा वेग मुद्दाम कमी केलेला असतो, पूर्ण कापड गुंडाळायला अर्धा मिनिट ते मिनिट सहज जातो. त्या वेळात हवा कापडाला वर फुगवत असते, नळीला ताणलेलं कापड ओढून गुंडाळावं लागते, करंट वाढतो, फ्यूज उडतो किंवा मोटर गरम होऊन स्वतः बंद पडते, अन् ऑनिंग अर्धी आत अर्धी बाहेर अशी अडकून बसते, जे पूर्ण उघडी असण्यापेक्षा कधी कधी वाईट, कारण कापड ढिलं असते अन् फडफड जास्त. त्यात आपल्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर खराब होतात, उन्हात उभ्या गाडीची बॅटरी आधीच अर्धमेली असली तर मोटर तिथेच दम सोडते. दांडीवरच्या सेन्सरमधे वेगळे सेल असतात ते तर कोणी बदलतच नाही. माझं स्पष्ट मत आहे, आपल्याकडे सेन्सर हा शेवटचा उपाय म्हणून असू द्या, ऑनिंग उघडी सोडून सफारीला निघून जायची परवानगी म्हणून नाही. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत पण हेच लिहिलेलं असते की कोणी जवळ नसताना उघडी ठेवू नका, अन् हवेने झालेलं नुकसान वॉरंटीत बहुधा बसत नाही.

सेन्सरच्या आधी डोळे कामाचे. दुपारी ढग फुलकोबीसारखे उंच चढायला लागले, एका बाजूला काळसर झालं, गडगड ऐकू आली, की मिटवून टाका, गार झुळूक लागायची वाट पाहू नका, कारण ती झुळूक लागली म्हणजे ते टोक दारात आलं. जुने लोक आभाळ पाहून खळ्यावरची तूर झाकायला पळतात ते याच वेळेला. मोबाईलवर नागपूरच्या रडारचं चित्र दिसते, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजेसाठीचं दामिनी अ‍ॅप आहे, जवळपास वीज दाखवत असेल तर त्याच ढगातून हवा पण येऊ शकते.

आता दोरीने बांधायचं काय. खाली पट्टे बांधून खुंट्या ठोकायचा किट मिळतो, रोजच्या झुळकीत फडफड कमी करायला तो चांगला आहे, मी नको म्हणत नाही. पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. एक तर आपली काळी माती. उन्हाळ्यात ती एवढी टणक असते की खुंटी ठोकताना घाम निघतो, पण खुंटी भेगेच्या जवळ गेली तर पकड नाही, अन् पहिलं पाणी पडलं की तीच माती भसभशीत होऊन खुंटी हाताने निघते. मुरमाची जागा त्यापेक्षा बरी. दुसरं म्हणजे पट्टे बांधलेले असताना सेन्सर चालू ठेवाल तर मोटर स्वतःच्याच पट्ट्यांविरुद्ध ओढत बसेल अन् गिअरचे दात जातील. बांधलं तर ऑटो बंद करा. गाडी उभी करताना ऑनिंगची बाजू मोकळ्या वावराकडे न ठेवता बिल्डिंगच्या आडोशाला ठेवता आली तर ठेवा, पण निंबाच्या किंवा मोहाच्या मोठ्या झाडाखाली नको, फांदी कापडापेक्षा महाग पडते.

हवा फाडते खरी, पण कापड कमजोर करायचं काम ऊन करते अन् याकडे कोणाचं लक्ष नसते. व्हिनाईलचं, म्हणजे पीव्हीसी चढवलेलं कापड पाणी अजिबात झिरपू देत नाही, पण वर्षानुवर्षं उन्हात राहून त्यातला मऊपणा टिकवणारा घटक निघून जातो, मग घडीवर तडे जातात. ज्या अ‍ॅक्रिलिक कापडाच्या तंतूतच रंग मिसळलेला असतो ते उन्हाला जास्त टिकते, हवा पण खेळते, फक्त मुसळधार पावसात थोडं झिरपते. आपल्या उन्हाचा विचार केला तर मी अ‍ॅक्रिलिकच घेईन. अन् धागा विचारून घ्या, हे कोणी विचारत नाही. साधा पॉलिस्टर धागा कापडाच्या आधी मरतो, पीटीएफई धागा, म्हणजे टेफ्लॉनच्याच जातीचा, महाग असतो पण उन्हाने त्याला फरक पडत नाही. कापड चांगलं असेल तर कुशन-सीटचं काम करणाऱ्याकडून नुसती शिलाई तसल्या धाग्याने परत मारून घेता येते, पूर्ण कापड बदलायची गरज नाही.

पावसात उघडी ठेवायची असेल तर उतार साधारण 14 अंशाच्या खाली नको, नाहीतर मधे पाणी साचते. तीन चौरस मीटरवर सरासरी दोन सेंटीमीटर पाणी थांबलं की 60 किलो झाले, कापड त्याने आणखी खोल ताणते अन् आणखी पाणी ओढते. ज्यांचे हात वेगवेगळे खाली-वर होतात त्यांनी एक बाजू खाली घेऊन ठेवावी. अन् वावधनात ओली मिटवावी लागली तर बिनधास्त मिटवा, पण दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की लगेच उघडून वाळवा, ओलं कापड नळीवर गुंडाळलेलं राहिलं की आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके येतात अन् ते घासूनही पूर्ण जात नाहीत. वाळवताना शिडी लावून ब्रॅकेटचे स्क्रू हाताने हलवून पहा, जरा जरी हलला तर नुसता घट्ट करू नका, काढून भोकाचा आकार पहा, लांबट झालं असेल तर आतून पट्टी देऊन नटबोल्ट टाका.