‘मिनिट वॉल्ट्झ’ : एका मिनिटाचा गैरसमज

पियानोवादक आणि संगीतकार शोपँचा डी-फ्लॅट मेजरमधला वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या नृत्याच्या चालीची रचना), ओपस 64 म्हणजे त्याच्या 64 क्रमांकाच्या रचनासंचातला पहिला, 1847 मध्ये छापून आला. काउंटेस डेल्फिना पोतोत्स्का हिला तो अर्पण केलेला आहे आणि सुरुवातीला सूचना आहे ‘मोल्टो व्हिवाचे’, म्हणजे खूप चैतन्याने. ‘मिनिट’ हे नाव शोपँचे नाही. इंग्रजीत साठ सेकंदांचे ‘मिनिट’ आणि ‘इवलासा’ या अर्थाचा ‘मायन्यूट’ यांचे स्पेलिंग एकच. नावात इवलेपणच अभिप्रेत होते, असे सहसा मानले जाते. लोकांनी मात्र घड्याळ काढले. तो खरोखर मिनिटात संपवायचा तर चारशेहून अधिक मात्रा वाजवाव्या लागतील. एरवी त्याला दीड ते अडीच मिनिटे लागतात, आणि ती लागू द्यावीत.

दुसरी आख्यायिका कुत्र्याची. शोपँची सहचरी, लेखिका जॉर्ज साँ हिच्या फ्रान्समधल्या नोहाँ इथल्या घरी मार्की नावाचा कुत्रा होता. तो स्वतःचीच शेपटी पकडायला गरगर फिरे आणि त्यावरून हे सुचले, असे सांगतात. पुरावा नाही, पण ही गोष्ट का टिकली ते पहिल्या ओळीतच कळते. उजवा हात एकटाच सुरू होतो आणि चार स्वरांचा छोटा तुकडा पुन्हापुन्हा फिरवतो. चाराचा तुकडा तीन मात्रांच्या मापात बसत नाही, त्यामुळे सम कुठे आहे तेच हरवते. डावा हात आला की पायाखाली जमीन येते. ही गंमत नुसत्या वेगात विरून जाते.

मुळात शोपँचा वॉल्ट्झ नाचायचा नव्हे. 1830-31 च्या मुक्कामात व्हिएन्ना शहर स्ट्राउस आणि लानर या नृत्यसंगीतकारांच्या वॉल्ट्झनी भारलेले होते, तरी तिथले खास काही आपल्या अंगी लागले नाही, असे त्याने घरी कळवले होते. त्याचे वॉल्ट्झ दिवाणखान्यातले, ऐकण्याचे.

वादनाचा विचार करताना त्याचा पियानोही आठवावा लागतो. त्याच्या आवडत्या प्लेएल कंपनीच्या पियानोच्या पट्ट्या हलक्या होत्या, आवाज मऊ आणि लवकर विरणारा. आजच्या भरदार कॉन्सर्ट ग्रँडवर हेच स्वर जड होतात, म्हणून बोटे पट्ट्यांच्या अगदी जवळ ठेवावीत आणि पेडल जपून वापरावे. डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक, असे शोपँ शिकवत असे; त्याचा शिष्य मिकुली तर सांगतो की गुरूच्या पियानोवर मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारे यंत्र, कायम असे. ख्याल गाणारा ठेक्यावर विसंबून लांबतो, तसाच इथला रुबाटो, म्हणजे धून थोडी पुढेमागे ताणण्याची मुभा. मधल्या भागात हीच कसोटी लागते. धून संथ वाहू लागते आणि बहुतेक वादक तिथे लयच सोडून देतात. मला ते खटकते. लय आत चालू राहिली तरच पुढचा लांब ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांचे भराभर आलटून-पालटून वादन) सुरुवातीच्या भिरभिरण्याकडे अलगद परत नेतो.

पुढे मिकुलीचाच शिष्य मॉरिट्झ रोझेंथाल याने या वॉल्ट्झवर दुहेरी स्वरांची कमालीची अवघड सराव-रचना केली. तंत्र थक्क करणारे आहे, पण मूळचे हलकेपण त्यात उरत नाही.

16 फेब्रुवारी 1848 रोजी शोपँची पॅरिसमधली शेवटची मैफल झाली. कार्यक्रमात वॉल्ट्झ होता, बार्कारोल ही नावाड्यांच्या गाण्याच्या चालीवरची त्याची रचनाही होती. अंगात ताकद उरली नव्हती. बार्कारोलच्या शेवटी जोर हवा तिथे त्याने अगदी हळुवार वाजवले आणि तरीही ते इतके सुंदर होते, की नेहमीची पद्धत बरी की ही, असा प्रश्न ऐकणाऱ्या पियानोवादक चार्ल्स हॅलेला पडला.