बॉल उचलण्याआधी हे वाचा
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक : अडथळ्यापासून फ्री ड्रॉप कसा ठरतो)

गोल्फ स्पर्धांना रेफ्री पुरवणं हे आमचं काम. क्लबच्या स्पर्धा, कंपन्यांच्या स्पर्धा, ज्युनिअर मुलांच्या स्पर्धा, सगळीकडे आमची माणसं जातात आणि संध्याकाळी परत आल्यावर तेच गाऱ्हाणं सांगतात : "मी पोहोचलो तेव्हा बॉल कॅडीच्या टॉवेलात होता."

कार्ट पाथ (गोल्फच्या गाड्यांचा पक्का रस्ता), स्प्रिंकलरचं झाकण, पंपहाऊसची भिंत यांच्यापासून दंडाशिवाय सुटका मिळते, म्हणजे बॉल उचलून जवळच हातातून सोडता येतो (हाच फ्री ड्रॉप), हे तुम्हाला ठाऊक आहे, असं धरूनच लिहितोय. ते कोणाला नव्यानं सांगायला नको. अडतं ते त्यानंतर, आणि जवळजवळ दर वेळी एकाच कारणानं अडतं. खेळाडू पाथवर बॉल बघतो, "फ्री ड्रॉप!" म्हणतो आणि वाकून उचलतो. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून घ्यायचा असतो हे खरं, पण म्हणून गुडघ्याला बाशिंग बांधून धावायचं कारण नाही.

उचललं तर बिघडतं काय? पहिलं म्हणजे, सुटका मिळतच नसेल तर तुम्ही खेळातला बॉल विनाकारण उचललात. एक स्ट्रोक (फटका) दंड, शिवाय बॉल परत जागेवर. दुसरं म्हणजे, सुटका मिळते पण जिथे मिळते ती जागा पाथपेक्षा वाईट निघते. हे फार वेळा होतं. नियम "जवळची" जागा देतो, "चांगली" जागा देत नाही. पाथच्या एका बाजूला कापलेला फेअरवे आणि दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपं असली, आणि जवळचा बिंदू झुडपात पडला, तर तोच तुमचा बिंदू. बॉल अजून पाथवर असेल तर "राहू दे, इथूनच खेळतो" म्हणायची मुभा आहे. बॉल हातात आला की त्याच निर्णयाला एक स्ट्रोक मोजावा लागतो.

तिसरी गोष्ट आमच्या पोटावर येते. सगळी मोजणी बॉल होता त्या ठिपक्यापासून होते. ठिपकाच गेला की चौघांची चार बोटं चार जागा दाखवतात. एका स्पर्धेत खेळाडूनं बॉल उचलून, पुसून, वर दुसऱ्या हातात झेलून दाखवला. तो होता कुठे, यावर त्याचं आणि मार्करचं (त्याचा स्कोअर लिहिणाऱ्याचं) एकमत होईपर्यंत मागे तीन ग्रुप उभे राहिले होते. नियमानुसार त्याचं काही चुकलं नव्हतं, कारण दुसऱ्या जागी ड्रॉप घेताना मूळ जागेवर खूण केलीच पाहिजे अशी सक्ती नाही. पण सक्ती नाही म्हणून करायचीच नाही, याला काय म्हणावं!

आमचा माणूस आल्यावर काय करतो ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही तसंच करता येईल. तो आधी विचारतो, "पाथ नसता तर इथून काय मारलं असतंत?" समजा तुम्ही म्हणालात, सात नंबर आयर्न, सरळ झेंड्याकडे. मग तोच क्लब घेऊन पाथच्या डावीकडे उभं राहायचं. पाय, बॉल, स्विंग, कशालाच पाथ लागायला नको. क्लबचं डोकं टेकेल तिथे एक टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी). मग तसंच उजवीकडे, दुसरी टी. दोन्ही होलच्या जास्त जवळ नकोत. मूळ बॉलपासून जी टी कमी अंतरावर, तो तुमचा संदर्भबिंदू. निवडायला दोन जागा नसतात, बिंदू एकच असतो. असं प्रत्यक्ष उभं राहून बघणं नियमात सक्तीचं नाही, पण सल्ला तसाच दिलेला आहे, आणि आम्ही तो पाळतो.

आता ड्रायव्हर काढायचा. बिंदू ठरवायला जो फटका मारणार होतात तो क्लब, आणि अंतर मोजायला पटर सोडून बॅगेतला सर्वांत लांब क्लब. ही अदलाबदल इतक्यांकडून होते की आमचे रेफ्री आता विचारायच्या आधीच सांगतात. बिंदूपासून एक क्लब-लेंग्थ, होलच्या जवळ न जाता, आणि पाथचा त्रास पूर्ण संपेल अशा जागेत. दोन नव्हे, एकच. दोनचं माप दंड भरून बाजूला ड्रॉप घेताना असतं. बॉल त्या जागेतच थांबला पाहिजे. बाहेर गेला तर पुन्हा ड्रॉप, तरी गेला तर दुसऱ्या ड्रॉपला तो जमिनीला जिथे टेकला तिथे ठेवायचा. 2019 च्या आधी हात खांद्याच्या उंचीवर धरायचा, आता गुडघ्याच्या. जुन्या सवयीनं खांद्यावरून सोडलात तर मारायच्या आधी परत घ्या, दंड नाही. तसाच मारलात तर आहे.

डावी की उजवी, हा वाद टाळायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा. उजव्या हाताचा खेळाडू बॉलच्या डावीकडे उभा राहतो. त्यामुळे पाथच्या डावीकडे जाताना बॉल कडेबाहेर आला की पाय आपोआपच बाहेर असतात. उजवीकडे जाताना मात्र पाय आधी बाहेर काढावे लागतात, आणि बॉल त्याहून पुढे. समजा पाथ आठ फूट रुंद आहे, बॉल मधोमध आहे आणि टाचेपासून बॉलपर्यंत तुम्हाला तीन फूट लागतात. डावीकडे चार फूट, उजवीकडे सात. डावीच. बॉल उजव्या कडेपासून दोन फुटांवर असेल तर डावीकडे सहा, उजवीकडे पाच. आता उजवी. म्हणजे "पाथच्या मध्याच्या ज्या बाजूला बॉल, त्याच बाजूला ड्रॉप" हा जो ऐकीव हिशेब आहे तो मधोमधच्या पट्ट्यात चुकतो, आणि वाद नेमके तिथेच होतात. डावखुऱ्यांनी सगळं उलट वाचावं.

सुटका अर्धवट घेता येत नाही, हेही इथेच सांगतो. ड्रॉप घेतलात, बॉल मस्त गवतावर, पण उजवी टाच पाथवर राहील अशी जागा धरलीत, तर सुटका झालेलीच नाही. तिथून मारलंत की चुकीच्या जागेवरून खेळल्याचा दंड : स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तिथे) दोन स्ट्रोक, मॅच प्लेमध्ये (होलगणिक हारजीत असते तिथे) होल गेला.

कुठे काहीच मिळत नाही ते थोडक्यात. बॉल पेनल्टी एरियात (पाणी वगैरेंच्या, हद्द आखलेल्या जागेत) असेल तर पाथ असो की पूल, फुकट सुटका नाही. हद्द दाखवणारं कुंपण, भिंत किंवा पांढरे खुंट हे मुळात अडथळाच धरले जात नाहीत. खुंट सहज उपटता येतो म्हणून उपटू नका. स्पर्धेच्या समितीनं एखादी वस्तू कोर्सचाच भाग ठरवली असेल तर तीही तशीच. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर सतराव्या होलचा रस्ता याचं प्रसिद्ध उदाहरण आहे, तिथे रस्त्यावरूनच मारायचं. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) असाल तर सुटका बंकरच्या आत, आणि बाहेर यायचं तर एक स्ट्रोक. झाड, भिंत, स्प्रिंकलर नुसतं तुमच्या रेषेत आहे म्हणून काही मिळत नाही. बॉल ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) असेल तरच रेषेचा विचार होतो. ग्रीनच्या जरा बाहेरच्या स्प्रिंकलरसाठी वेगळा लोकल रूल (त्या स्पर्धेपुरता नियम) लावता येतो (स्प्रिंकलर ग्रीनपासून आणि बॉलपासूनही दोन क्लब-लेंग्थच्या आत), पण तो समितीनं लावला असेल तरच. स्पर्धेच्या पत्रकात बघा.

आणि हेही. बॉल झुडपाच्या मुळाशी रुतलाय, मारणं शक्यच नाही, पण पाय पाथवर येतात म्हणून फ्री ड्रॉप मागता येत नाही. त्रास झुडपाचा आहे, पाथचा नव्हे. उलट झाडामुळे उजव्या हातानं मारता येत नसेल, डाव्या हातानं मारणं खरोखरच शहाणपणाचं असेल आणि तसं उभं राहताना पाय पाथवर येत असतील, तर सुटका मिळते. ड्रॉपनंतर उजव्या हातानं मारलंत तरी चालतं! हे सांगितलं की समोरचे आमच्याकडे संशयानं बघतात. पण नियमच तसा आहे.

"तुमचे रेफ्री वेळ फार लावतात" असं अधूनमधून कानावर येतं. बॉल जागेवर असेल तर दोन टी आणि एक ड्रायव्हर एवढंच काम असतं. नसेल तर आधी पंचनामा. 2017 च्या ओपनमध्ये रॉयल बर्कडेलला शेवटच्या दिवशी तेराव्या होलवर जॉर्डन स्पीथनं अनप्लेएबल घेतला (बॉल मारण्याजोगा नाही म्हणून एक स्ट्रोक दंड भरून सुटका), रेषेत मागे सरावाच्या मैदानापर्यंत गेला आणि तिथे उभ्या असलेल्या ट्रकांपासून फुकट सुटका घेतली. त्या एका होलला वीसेक मिनिटं गेली. तात्पुरत्या अडथळ्यांचा हिशेब असा किचकट असतो. म्हणूनच मंडप, जाहिरातींचे फलक किंवा स्कोअरबोर्ड उभारणार असाल तर आम्हाला आधी सांगा. आदल्या दिवशी आमचा माणूस कोर्सवर फिरतो, हद्दी तपासतो, रंगानं खुणा करतो आणि लोकल रूलचं एक पान लिहून देतो. हे आमच्या कामातच धरलेलं असतं. ज्या समित्या ते करू देतात, त्यांच्या स्पर्धेत रेफ्रीला हाका कमी येतात.

खरं तर रेफ्रीला बोलावलंच पाहिजे असंही नाही. तुम्ही स्वतः प्रामाणिकपणे, नीट मोजून जागा ठरवलीत, तर नंतर इंच-दोन इंच चुकलेली निघाली तरी नियम तुमचा अंदाज मान्य करतो. शंका असेल तेव्हाच हात वर करा. आमचा माणूस येईपर्यंत बॉल आहे तिथे राहू द्या, क्लब ठरवून ठेवा, आणि दोन-तीन टी हाताशी असू द्या. त्याच्या खिशातल्या दुपारपर्यंत संपलेल्या असतात.