हळद-आवळ्याने कोंबडी 'थंड' होते का?

खाद्यात हळद-आवळा मिसळला की कोंबडीला ऊन बाधत नाही, हा समज जुनाच. पण कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नसतात. अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सुटे धरून ती धापा टाकते, तेव्हा कुठे उष्णता बाहेर जाते. या धापांत कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, रक्ताचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) वाढतो आणि अंड्याचं कवच पातळ होतं. हळदीतलं कर्क्युमिन पेशींची इजा थोडी कमी करू शकतं. अंग गार करणं त्याचं काम नाही. त्यात उकाड्यात कोंबडी खातेच कमी, मग खाद्यातली हळद पोटात जाणार किती? आधी गार पाणी, वाहती हवा द्या, खाद्य पहाटे घाला, हळद त्यानंतर.