तो उठून उभा राहिला, मग कोसळला

अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘सेफ्टी’ नावाची एक जागा असते. बचाव फळीत सगळ्यांत मागे उभा राहणारा गडी. पुढच्यांच्या हातून निसटलेला प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन थेट याच्या अंगावर येतो, आणि त्याला तिथल्या तिथे आडवा करायचं हे याचं काम. कबड्डीत चढाईपटूला पकडतात तसंच काहीसं, फक्त इथे पकडीच्या आधी धडक असते आणि दोघंही सुसाट पळत असतात.

डमार हॅमलिन हा बफेलो बिल्स संघाचा सेफ्टी. पिट्सबर्गजवळच्या मकीज रॉक्स गावचा, खेळलाही पिट्सबर्ग विद्यापीठाकडून. २०२१च्या ड्राफ्टमध्ये व्यावसायिक संघांनी २५९ खेळाडू निवडले, त्यात याचा नंबर २१२वा. इतक्या मागून आलेल्या मुलाकडून कुणी फार अपेक्षा ठेवत नाही. पण सप्टेंबर २०२२मध्ये संघाचा अनुभवी सेफ्टी मायका हाइड मानेच्या दुखापतीने बाहेर गेला आणि हॅमलिनला जागा मिळाली. त्या हंगामात त्याच्या नावावर ९१ टॅकल लागले. म्हणजे नव्वदहून जास्त वेळा तो कुणावर तरी आदळला होता.

त्यातला शेवटचा टॅकल २ जानेवारी २०२३ रोजीचा, सिनसिनाटीच्या मैदानावर. पहिलं सत्र संपायला सहा मिनिटं होती. यजमान बेंगल्स संघाच्या टी हिगिन्सने पास झेलला आणि खांदा पुढे काढून तो हॅमलिनच्या छातीवर आदळला. दोघेही पडले. हॅमलिन उठला, पाऊल टाकलं आणि मागच्या मागे कोसळला.

ती दृश्यं पाहताना मला सगळ्यांत जास्त खटकलं ते त्याचं उठणं. हृदय बंद पडलं असेल तर माणूस उभा कसा राहील? पण राहतो. मेंदूकडे आधीच पोहोचलेल्या रक्तातला प्राणवायू आणखी काही सेकंद पुरतो. तेवढ्या उधारीवर स्नायू चालतात, तोल सांभाळला जातो. ती संपली की शुद्ध जाते. हॅमलिन उठला तेव्हा त्याच्या हृदयाने रक्त ढकलणं बहुधा थांबवलेलंच होतं.

‘थांबवलं’ म्हणजे हृदय निश्चल झालं असं मात्र नाही. एरवी प्रत्येक ठोक्याला विजेचा एक हलका संदेश हृदयभर ठरलेल्या वाटेने फिरतो आणि जवनिका, म्हणजे हृदयाचे खालचे दोन कप्पे, एका दमात आवळले जातात. ही शिस्त मोडली की प्रत्येक पेशी आपापल्या तालावर थरथरू लागते. रस्सीखेचीत प्रत्येकाने वेगवेगळ्या क्षणी दोर ओढला तर जे होईल ते होतं. कष्ट चालू, पण दोर जागचा हलत नाही. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात.

पण छातीवर बसलेल्या धक्क्याने हृदयातल्या विजेचा गोंधळ का व्हावा? इथे कॅलेंडर मागे न्यावं लागेल. डॉ. मार्क लिंक आणि त्यांच्या बॉस्टनमधल्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये भूल दिलेल्या डुकराच्या पिलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिलाचा ईसीजी चालू ठेवायचा आणि ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने बेसबॉलच्या आकाराचा आणि वजनाचा लाकडी गोळा त्याच्या छातीवर मारायचा, पण ठोक्यातल्या नेमक्या ठरवलेल्या क्षणी. ईसीजीच्या कागदावर प्रत्येक ठोक्यामागून एक बुटका उंचवटा येतो, त्याला टी लहर म्हणतात. आकुंचन झाल्यावर हृदय पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज होत असल्याची ती खूण. या लहरीच्या शिखराच्या ३० ते १५ मिलिसेकंद आधी फटका बसला, तेव्हा १०पैकी ९ वेळा फिब्रिलेशन सुरू झालं. तोच गोळा, तोच वेग, पण क्षण बदलला की हृदय बहुतेक वेळा ते पचवून टाकायचं.

त्या क्षणी हृदयाच्या काही पेशी पुढच्या ठोक्याला तयार झालेल्या असतात आणि काही अजून दम खात असतात. छाती अचानक दाबली गेली की जवनिकेतला दाब एकदम चढतो, पेशींच्या आवरणाला ताण बसतो आणि त्यातल्या आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, वाटा अवेळी उघडतात. एक चुकार ठोका सुटतो. निम्म्या पेशी त्याला प्रतिसाद देतात, निम्म्या देत नाहीत, आणि लाट फुटून गोल गोल फिरत बसते. या प्रकाराचं वैद्यकीय नाव कमोशिओ कॉर्डिस. लॅटिनमध्ये अर्थ ‘हृदयाची खळबळ’. हृदयाला जखम नाही, रक्तवाहिनी तुंबलेली नाही, बरगडीसुद्धा शाबूत.

थोडा हिशेब करू. जोरात पळताना हृदय मिनिटाला १५० ठोके देत असेल तर एक ठोका ४०० मिलिसेकंदांचा. त्यात धोक्याची फट १५-२० मिलिसेकंदांची, म्हणजे साधारण पंचविसावा भाग. शिवाय फटका थेट हृदयावरच बसायला हवा, पुरेसा टणक हवा आणि वेगही जमून यायला हवा. पुढच्या प्रयोगांत सर्वाधिक धोका ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास आढळला. त्याहून जोरात मारलं तर हृदयाला इजा होते, पण हा विजेचा गोंधळ उलट कमी वेळा होतो! म्हणून दर रविवारी शेकडो धडका होऊनही व्यावसायिक फुटबॉलमध्ये हे जवळजवळ कधी दिसत नाही. दिसतं ते जास्त करून शाळकरी मुलांत, बेसबॉलच्या मैदानावर. लहान, टणक, गोल चेंडूचा सगळा जोर एका जागी एकवटतो आणि पोरवयातली छाती लवचीक असल्याने धक्का सरळ आत पोहोचतो. आपला सीझन बॉल बेसबॉलपेक्षा थोडा जडच भरतो, आणि ताशी ६४ किलोमीटर हा वेग शाळेच्या संघातल्या फिरकी गोलंदाजालाही जमतो. छातीवर पॅड असलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. छातीरक्षक घातलेल्या मुलांच्या बाबतीतही हे घडल्याच्या नोंदी आहेत.

हॅमलिन २४ वर्षांचा होता आणि लागला तो खांदा. ठरलेल्या चित्रात तो नीट बसत नव्हता. त्यातून कमोशिओ कॉर्डिसची खूण सांगणारी रक्ततपासणी नसते. हृदयाची जन्मजात ठेवण, स्नायूची जाडी, आनुवंशिक आजार असं एकेक कारण खोडत यायचं आणि शेवटी उरेल ते खरं. म्हणून निदान जाहीर व्हायला एप्रिल उजाडला. समाजमाध्यमांना इतका धीर कुठला! तो मैदानावर पडलेला असतानाच कोविडच्या लशीवर खापर फोडून झालं होतं. १९९८मध्ये आइस हॉकीतला ख्रिस प्रोंगर, तोही बचावपटूच, छातीवर पक (चेंडूऐवजी वापरतात ती टणक चकती) लागून असाच कोसळला होता आणि वाचला होता. तेव्हा कोविड नव्हता की त्याची लस नव्हती.

आता सिनसिनाटीला परत येऊ. फिब्रिलेशन सुरू झाल्यावर विजेचा झटका मिळायला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घसरते. संघाचे सहायक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी त्याच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी छाती किमान पाच सेंटिमीटर खाली. हा दाब म्हणजे हाताने चालवलेलं हृदय. त्याने फिब्रिलेशन सहसा थांबत नाही, मेंदू तेवढा जिवंत राहतो. थांबवायला झटकाच लागतो. डिफिब्रिलेटर सगळ्या पेशींना एकाच वेळी गप्प करतो, म्हणजे मूळ ताल पुन्हा आपली जागा घेऊ शकतो.

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये सामना सुरू होण्याच्या साठ मिनिटं आधी दोन्ही संघांचे डॉक्टर, ट्रेनर, रुग्णवाहिकेचे लोक आणि पंच एकत्र भेटतात. कोण कुठे उभं राहणार, जवळचं मोठं रुग्णालय कोणतं, श्वासनलिकेत नळी कोण घालणार, सगळं ठरतं. दर आठवड्याला, दर मैदानावर. बहुतेक वेळा त्यातल्या कशाचाच उपयोग होत नाही, आणि मला वाटतं या प्रकरणातली खरी थक्क करणारी गोष्ट हीच कंटाळवाणी बैठक आहे. १५ मिलिसेकंदांचा दुर्दैवी योगायोग कुणाला टाळता येणार नव्हता. पुढची दहा मिनिटं मात्र कुणीतरी आधीच ठरवून ठेवली होती.

दोन-तीन दिवसांनी शुद्धीवर आल्यावर त्याच्या तोंडात नळी होती, म्हणून त्याने कागदावर लिहून विचारलं, ‘आपण जिंकलो का?’ सामना तर अर्ध्यातच थांबवला होता. डॉक्टरांनी सांगितलं की आयुष्याचा सामना तू जिंकलास. वाक्य थोडं नाटकी आहे, पण त्या खोलीत कुणाला नाटकी वाटलं नसणार. डॉक्टरांच्या दृष्टीने त्या उत्तराइतकाच प्रश्नही मोलाचा होता. मेंदू शाबूत असल्याशिवाय असा प्रश्न कुणी लिहीत नाही. कोसळल्यापासून नऊ दिवसांनी तो घरी गेला. खेळण्यांसाठी अडीच हजार डॉलर गोळा करायला त्याने कधीकाळी उघडलेल्या निधीत लोकांनी तोवर ऐंशी लाखांहून अधिक डॉलर टाकले होते.

हृदय मुळात निरोगी असल्याने खेळायला वैद्यकीय आडकाठी उरली नाही. तीन तज्ज्ञांनी हिरवा कंदील दाखवला. २०२३च्या हंगामात तो जेमतेम पाच सामने खेळला, २०२४मध्ये मात्र पहिल्या पसंतीचा सेफ्टी झाला आणि सप्टेंबरमध्ये जॅक्सनव्हिलविरुद्ध प्रतिस्पर्ध्याचा पास हवेतच झेलून कारकिर्दीतलं पहिलं इंटरसेप्शन त्याने नोंदवलं.

पण लोकांनी श्वास रोखून पाहिला तो सामना त्याआधीचा, १२ ऑगस्ट २०२३चा, इंडियानापोलिसविरुद्धचा सराव सामना. चौथा डाऊन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा शेवटचा प्रयत्न, आणि त्याला एक यार्ड हवं होतं. चेंडू घेऊन घुसलेल्या धावपटूवर हॅमलिन पुढे होऊन आदळला आणि त्याला तिथेच थांबवलं. दोघेही पडले. हॅमलिन उठला, आणि उभाच राहिला.