क्लोन प्राण्यांचे मांस आणि लोकमत

क्लोन जनावराचे किंवा क्लोनपासून झालेल्या पिलांचे मांस खाण्यासाठी विकावे का, याबाबत ग्राहक, विक्रेते, पशुपालक आणि शासनयंत्रणा यांच्या भूमिकांचा हा आढावा आहे. त्यातील उदाहरणे ठाणे व नवी मुंबईच्या मटणबाजारातील आहेत. एका जनावराच्या शरीरपेशीतील केंद्रक वापरून जन्माला घातलेले, त्याच जनुकसंचाचे दुसरे जनावर म्हणजे क्लोन. प्रयोगशाळेत पेशी वाढवून तयार केलेले मांस वेगळे आणि जनुकबदल केलेले जनावर वेगळे. या तिन्हींची सर्रास सरमिसळ होते आणि विरोधाचा बराच भाग त्यातूनच येतो.

संज्ञा : ‘क्लोन’च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डहाळी. वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट वेबर यांनी १९०३ मध्ये तो कलमाने वाढवलेल्या वनस्पतींसाठी वापरला. प्राण्यांसाठी तो केव्हा आला याविषयी एकमत नाही. काही लेखक त्याचे श्रेय जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या १९६३ मधील व्याख्यानाला देतात. परंतु एकपेशीय जीवांच्या वंशासाठी तो त्याच्या बराच आधी रूढ होता. त्यामुळे हॉल्डेन यांनी तो माणसाच्या संदर्भात लोकप्रिय केला, एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित वाटते. मराठी परिभाषेत ‘कृत्तक’ असा शब्द आढळतो, बोलण्यात मात्र क्लोनच. वाशीच्या बाजार समितीत पेट्यांनी उतरणारा हापूस या मूळ अर्थाने क्लोनच आहे. कोयीपासून वाढवलेले झाड आईसारखे फळ देईलच असे नाही, म्हणून बागायतदार पाचर कलम किंवा कोय कलम करतात. कलमी आंबा आवडीने खाणारे घर क्लोन बोकडाला नाक मुरडते ते प्रत काढण्याच्या कल्पनेमुळे नव्हे. जनावराच्या बाबतीत ही प्रत कशी काढतात, हे त्याला अपरिचित असते.

पद्धत : कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत म्हशीसाठी हस्तनियंत्रित क्लोनिंगची पद्धत विकसित झाली. कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतील पुटकांमधून (अंडपेशी असलेल्या पिशव्यांमधून) सुईने अंडपेशी ओढून घेतात. त्या सुमारे ३८.५ अंश सेल्सियस तापमानाला आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये साधारण एक दिवस पक्व करतात. प्रोनेज या विकराने अंडपेशीचे बाह्य आवरण विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली हाताने, बारीक पात्याने केंद्रकाचा भाग कापून टाकतात. केंद्रकरहित दोन अंडपेशींच्या मध्ये दात्याची, म्हणजे ज्याची प्रत काढायची त्या जनावराची, एक शरीरपेशी ठेवून विजेच्या स्पंदाने तिन्ही एक करतात. रसायनांनी विभाजन सुरू करून भ्रूण सात-आठ दिवस वाढवतात आणि मग माजाचा काळ जुळवलेल्या म्हशीच्या गर्भाशयात सोडतात. पुढे गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा.

अपयश येते ते मुख्यतः पुनःप्रोग्रामिंगमध्ये. त्वचेच्या पेशीत बंद असलेली जनुके भ्रूणासाठी पुन्हा उघडावी लागतात आणि ती पुरती उघडत नाहीत. परिणामी वार (गर्भाला पोसणारी अपरा) बिघडते, गर्भजल बेसुमार वाढते, गायी-मेंढ्यांत वासरू किंवा कोकरू अवाजवी मोठे होते, नाळ सुजते, जन्मल्यावर श्वास लागतो. १९९६ मध्ये स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत डॉली मेंढी जन्मली तेव्हा अशा रीतीने जोडलेल्या २७७ पेशींपैकी २९ भ्रूण रोपणापर्यंत पोहोचले, ते १३ मेंढ्यांत सोडले आणि कोकरू एकच झाले. हे दोष पुढच्या पिढीत सहसा उतरत नाहीत, कारण अंडपेशी व शुक्रपेशी बनताना कोणती जनुके उघडी, कोणती बंद ही मांडणी नव्याने होते. म्हणूनच क्लोन आणि क्लोनचे पिलू यांना एकाच मापाने मोजणे शास्त्रदृष्ट्या चूक आहे. प्राणिकल्याणाचा आक्षेप क्लोनला आणि त्याला पोटात वाढवणाऱ्या मादीला लागू पडतो, आणि तो वजनदार आहे.

परदेशातील कौल : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २००८ मध्ये गाय, डुक्कर व शेळी यांच्या क्लोनचे मांस-दूध नेहमीच्या अन्नाइतकेच सुरक्षित ठरवले. मेंढीच्या क्लोनविषयी माहिती अपुरी असल्याने तिला वगळले. लोकांचे मत तरीही वेगळेच होते. गॅलप या जनमत पाहणी संस्थेच्या २००१ च्या पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांनी प्राण्यांचे क्लोनिंग नैतिकदृष्ट्या चूक मानले होते. २००८ च्या युरोबॅरोमीटर या युरोपीय संघाच्या जनमत पाहणीत ५८ टक्के युरोपीयांनी अन्नासाठी क्लोनिंग कधीच समर्थनीय नाही असे सांगितले. हे आकडे जपून वाचावेत : ‘क्लोन चालेल का’ आणि ‘क्लोन वळूच्या वासराचे मांस चालेल का’ हे दोन प्रश्न आहेत. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये क्लोन गायीच्या पिलांचे मांस विक्रीत गेल्याचे उघड झाले तेव्हा आजारी कोणी पडले नव्हते. लोक चिडले ते कळवले नाही म्हणून. युरोपीय संसदेने सप्टेंबर २०१५ मध्ये क्लोन, त्यांची संतती आणि त्यांच्यापासूनचे अन्न यांवर बंदीच्या बाजूने मत दिले.

भारतातील स्थिती : कर्नालला फेब्रुवारी २००९ मध्ये जन्मलेले म्हशीचे पहिले क्लोन रेडकू काही दिवसांतच दगावले. त्याच वर्षी जूनमध्ये गरिमा ही क्लोन रेडी झाली. मार्च २०२३ मध्ये गीर जातीची गंगा ही क्लोन कालवड जन्मली. उद्देश दूध आणि उत्तम रेड्या-वळूंचे वीर्य हा आहे, मांस नव्हे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये क्लोन मांसाचा स्वतंत्र उल्लेख नाही. कलम २२ मधील ‘नवीन अन्न’ या वर्गात ते बसवणे अधिक सयुक्तिक दिसते. जनुकबदल केलेल्या अन्नाचा वर्ग त्याला लागू पडत नाही, कारण जनुक बदललेलेच नसते. क्लोन रेड्याच्या वीर्यापासून झालेली म्हैस मात्र व्यवहारात साधी म्हैसच.

ठाणे-नवी मुंबईचा बाजार : राज्यात गायीबरोबरच २०१५ पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीला बंदी असल्याने गोवंशाचा प्रश्न येथे उद्भवत नाही. ‘बॉयलर कोंबडी क्लोन असते’ हा समजही निराधार आहे. केंद्रक बदलून कोंबडीचा क्लोन करता आलेला नाही. पक्ष्याचे अंडे त्या कामाला दाद देत नाही. बॉयलर पाच-सहा आठवड्यांत विक्रीला येते ती निवडक संकर आणि खाद्यामुळे. उरतात बोकड, मेंढी, डुक्कर आणि म्हैस.

या बाजारातले गिऱ्हाईक मुळातच चोखंदळ आहे. लटकवलेल्या धडाची शेपूट राहू दिलेली असते. आखूड व वर वळलेली असेल तर शेळीवर्गातले, लांब व लोंबती असेल तर मेंढी. बोल्हाई देवीचे भक्त बोकड खात नाहीत, त्यांना मेंढीचेच मटण लागते आणि काही दुकानांच्या पाटीवर ‘बोल्हाई’ असे लिहिलेले असते. नर की मादी, दोनदाती की म्हातारे, हलाल की झटका, गावठी की बॉयलर, यातले काही डोळ्यांनी कळते, काही दुकानदाराच्या शब्दावर. रविवारी सकाळी रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा विश्वास या खुणांवर असतो. क्लोनची अशी एकही खूण नाही. मांडी, चाप, कलेजी सगळे सारखेच. प्रयोगशाळेतही जनुकतपासणी क्लोन ओळखत नाही. दात्याचा नमुना हाताशी असेल तरच जुळणी दिसते. महापालिकेचा पशुवैद्यक शिक्का मारतो तो रोग नसल्याचा, वंशाचा नव्हे. पाकिटावरचा तपकिरी त्रिकोण पदार्थ मांसाहारी आहे एवढेच सांगतो.

म्हणून ‘लेबल लावा’ ही रास्त मागणी अखेर नोंदवहीवर येऊन थांबते. जनावराच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा पिवळा टॅग असतो आणि ऑनलाइन नोंदीत त्याचे कृत्रिम रेतन भरता येते. कोणत्या रेड्याचे वीर्य वापरले तेही त्यात बसू शकते. ठाणे-कल्याण-भिवंडी पट्ट्यातील तबेल्यांत दूध आटलेली भाकड म्हैस विकली जाते. क्लोन वंशाचे मांस या भागात कधी आलेच, तर त्याच वाटेने येण्याचा संभव अधिक, आणि त्या म्हशीचा क्रमांक तिच्या कानात असतो. कत्तलीनंतर डोके धडापासून वेगळे होते, कान त्याच्यासोबत जातो आणि दुकानात येणाऱ्या मांडीला क्रमांक उरत नाही. धडाला त्याच क्रमांकाची चिठ्ठी बांधून ती शेवटच्या तुकड्यापर्यंत राखणे, एवढीच दुरुस्ती या साखळीला हवी आहे.