सर्पगंधेपासून क्लोझापिनपर्यंत

1957 साली अमेरिकेतला वैद्यकशास्त्रातला मानाचा लास्कर पुरस्कार सहा डॉक्टरांना विभागून मिळाला. त्यांत एक नाव मुंबईचं होतं, डॉ. रुस्तम जाल वकील. मनोविकारांवरच्या औषधांच्या या गोष्टीत त्यांचं नाव येतं, पण ते मनोविकारतज्ज्ञ नव्हते, हृदयरोगतज्ज्ञ होते. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे त्यांनी 1949 मध्ये रुग्णांच्या नोंदींसह ब्रिटनच्या हृदयरोग नियतकालिकात मांडलं होतं.

उन्मादावर ही मुळी देण्याची रीत आपल्याकडे जुनीच. कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये रक्तदाब आणि वेड या दोन्हींवरचे तिचे अनुभव छापले होते. 1952 साली स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातलं रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं आणि पुढे न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते छिन्नमनस्कतेच्या म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिलं.

1952 मध्येच पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात डिले आणि डेनिकर या मनोविकारतज्ज्ञांनी मनोरुग्णांसाठी क्लोरप्रोमाझिन वापरलं. शस्त्रक्रियेआधी हे औषध दिलेले रुग्ण शुद्धीत असूनही निवांत राहतात, हे शल्यचिकित्सक लाबोरी यांनी टिपलं होतं. तोवर उपचार म्हणजे इन्शुलिन देऊन आणलेली बेशुद्धी, विजेचे झटके, नाहीतर मेंदूवरची शस्त्रक्रिया. गोळीने भास ओसरतात, माणूस पुन्हा बोलू लागतो, हे तेव्हाच्या घरच्यांसाठी केवढं असेल!

रेसर्पिन मागे पडलं. त्याने रक्तदाब फार उतरे, मरगळ येई. पण माझ्या मते त्याचं खरं देणं पुढेच आहे. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिलं, तेव्हा ससे जागचे हलेनात. एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते द्रव्य, देताच ते पुन्हा हिंडू लागले. रेसर्पिनने मेंदूतलं डोपामिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, संपत होतं. 1963 मध्ये कार्लसन यांनीच सुचवलं की क्लोरप्रोमाझिन आणि त्याच कामाचं हॅलोपेरिडॉल ही औषधं डोपामिन संपवत नाहीत, त्याची वाट अडवतात. औषधांनी भास कमी होतात तसे हात का थरथरतात, अंग का आखडतं, याचं उत्तरही त्यातच होतं. घरचे अनेकदा या त्रासाला आजारच समजतात, आणि डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद होतात.

थरथर फारशी न आणणारं क्लोझापिन आलं, पण 1975 मध्ये फिनलंडमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले आणि ते अनेक देशांत मागे घेतलं गेलं. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांनाही त्याचा गुण येतो, हे 1988 मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं. ते परतलं, नियमित रक्ततपासणीच्या अटीवर.