अभिजात पुस्तकं घरात मोठ्यानं वाचली जायची, ती कुणासाठी?

मुलांना जवळ बसवून एखादी जुनी, जाडजूड कादंबरी रोज थोडी थोडी वाचून दाखवणं, हा आज पालकांनी ठरवून करायचा उपक्रम झाला आहे. सुरुवातीला मात्र तो मुलांसाठी नव्हताच. घरात पुस्तक एक, दिवा एक, आणि सराईतपणे वाचू शकणारं माणूसही बहुधा एकच. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी शिवण-टिपण करत ऐकायचं, अशी ती सोय होती. मुलं घरात असायची, म्हणून त्यांच्याही कानावर पडायचं.

त्याच्याही मागे गेलं तर वाचणं आणि आवाज ही जोडी फारशी तुटलेली नव्हती. चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानचा बिशप अँब्रोज आवाज न काढता वाचतो, याचं ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टिनला नवल वाटलं आणि त्यानं ते लिहून ठेवलं. त्यावरून ‘प्राचीन काळी मनात वाचताच येत नसे’ असं ठोकून दिलं जातं, ते अती झालं. पण दोन शब्दांत जागा न सोडता लिहिलेली लॅटिन हस्तलिखितं उच्चारून वाचणं सोपं जायचं, एवढं खरं.

घरगुती वाचनाचा भर दिसतो तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात. कारण सरळ होतं: पुस्तकं महाग होती. तीन खंडांची नवी कादंबरी बराच काळ साडेएकतीस शिलिंगांना मिळे. लोक ती वाचनालयातून आणत आणि एका प्रतीत सगळं घर भागवत. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची छापील प्रत जानेवारी 1813मध्ये घरी आली, त्याच संध्याकाळी मायलेकींनी ती जेवायला आलेल्या शेजारणीला वाचून दाखवायला घेतली, लेखिका समोरच बसली आहे, हे तिला न सांगता. दुसरी बैठक मात्र जेनला तितकी रुचली नाही. आई भरभर वाचते आणि पात्रांच्या तोंडी शोभेल असं तिला बोलता येत नाही, अशी तिची तक्रार पत्रात आहे. वाचून दाखवणाऱ्या कुणालाही ती आजही झोंबेल.

मुलं श्रोते म्हणून खऱ्या अर्थानं हिशेबात आली, त्याची एक ठळक खूण 1807 या सालात सापडते. त्या वर्षी शेक्सपिअर घरात आणणारी दोन पुस्तकं निघाली. एक चार्ल्स आणि मेरी लँब या भावंडांनी नाटकांच्या सांगितलेल्या गोष्टी. प्रस्तावनेत ते म्हणतात की, हे मुख्यतः मुलींसाठी आहे, कारण मुलग्यांना वडिलांची पुस्तकं लवकर हाताळायला मिळतात. भावांनी अवघड जागा बहिणींना समजावून द्याव्यात आणि मूळ नाटकातले निवडक उतारे वाचून दाखवावेत. दुसरं पुस्तक ‘फॅमिली शेक्सपिअर’. घरच्या मंडळींत वाचताना जीभ अडखळेल असे शब्द आणि प्रसंग त्यातून काढले होते. 1818मध्ये थॉमस बाउडलरनं त्याची दहा खंडांची आवृत्ती काढली आणि कल्पनेचा उगमही सांगितला: त्याचे वडील संध्याकाळी घरच्यांना शेक्सपिअर वाचून दाखवत आणि नको तो भाग इतक्या सफाईनं गाळत की ऐकणाऱ्यांना पत्ताच लागत नसे. बाउडलरची पुढे पुष्कळ टिंगल झाली. माझ्या मते त्यातली निम्मी अन्यायाची आहे. वाचता वाचता परिच्छेद गिळणारे आईबाप तेच करतात, फक्त छापत नाहीत. आणखी एक गोष्ट. लँबच्या वीसपैकी चौदा कथा मेरीच्या होत्या, तर ‘फॅमिली शेक्सपिअर’ची पहिली आवृत्ती थॉमसची बहीण हेन्रिएटा हिनं तयार केली होती. मुखपृष्ठावर दोघींचंही नाव नव्हतं.

1836पासून डिकन्सच्या कादंबऱ्या शिलिंगाला एक अशा मासिक भागांत येऊ लागल्या आणि ऐकणाऱ्यांचा घोळका वाढला. ‘ट्रेझर आयलंड’ तर अशा श्रोत्यांसमोरच घडलं. 1881मध्ये स्कॉटलंडमधल्या पावसाळी सुटीत स्टीव्हनसन लिहून झालेलं प्रकरण तेरा वर्षांच्या सावत्र मुलाला वाचून दाखवी. स्टीव्हनसनचे वडीलही इतके रमले की, खलाशाच्या पेटीत काय काय सापडावं याची यादी त्यांनीच करून दिली.

मग शाळा आल्या, स्वस्त आवृत्त्या आल्या, पुढे रेडिओ आला. ज्याला वाचता येतं त्यानं आपलं आपण वाचावं, असं होऊन बसलं. मोठ्यानं वाचणं उरलं ते झोपण्यापूर्वी, ज्यांना अजून अक्षरओळख नाही त्यांच्यापुरतं, आणि साहजिकच त्यातून मोठ्यांची पुस्तकं गळाली. शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंनी याला विरोध केला. मुलांसाठी पातळ केलेला मजकूर त्यांना अजिबात चालत नसे. चांगलं पुस्तक एकदाच वाचायचं आणि मुलानं लगेच ते आपल्या शब्दांत सांगायचं, ही त्यांची रीत घरी शिकवणारी कुटुंबं अजून वापरतात.

अलीकडचा जोर अमेरिकेतून आला. जिम ट्रेलीज या पत्रकारानं पालकांसाठी लिहिलेलं मोठ्यानं वाचनाचं पुस्तक 1982मध्ये पेंग्विननं काढलं आणि ते अफाट खपलं. 2014मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं अगदी तान्हेपणापासून वाचून दाखवा, असा अधिकृत सल्ला दिला. लक्ष राहिलं ते लहानग्यांवर. ट्रेलीज मात्र वाचता येऊ लागलेल्या मुलांबद्दलही आग्रही होता: मूल स्वतः जे वाचू शकतं त्याहून कितीतरी अवघड ऐकून समजू शकतं आणि ही तफावत साधारण आठवीपर्यंत टिकते, असं तो सांगे. मोठ्या मुलांसमोर मूळ, न कापलेली कादंबरी उघडणारे पालक आज याच मुद्द्याचा आधार घेतात.